आधी वारस नोंद, हक्कसोड मागाहून

प्रश्न : माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आहे. लग्नानंतर मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते. गेल्या पावसाळ्यात वडील वारले. मागे आई, दोन भाऊ, थोरली बहीण आणि मी आहोत. वडिलांच्या नावावर साडेचार एकर जमीन आहे, त्यातली काही आजोबांकडून आलेली आणि काही वडिलांनी स्वतः घेतलेली. शेतात विहीर आहे, आले आणि ऊस होतो. गावठाणात घर आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही. थोरल्या भावाचा फोन आला की येत्या गुरुवारी दुय्यम निबंधक कार्यालयात ये, हक्कसोडपत्रावर तुम्ही दोघी बहिणींनी सह्या केल्या की विषय संपेल, नाहीतर गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज नवे-जुने होणार नाही. त्याचे म्हणणे असे की ताईचे लग्न 1991 साली झाल्यामुळे तिला कायद्याने काहीच मिळत नाही, आणि माझ्या लग्नात 1999 साली वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च केला. शिवाय अण्णांनी हयातीतच दोघा भावांत तोंडी वाटणी करून दिली होती, असेही तो सांगतो. ताई सही करायला तयार आहे. माझे पती म्हणतात, हिस्सा घे. मला जमिनीचा हव्यास नाही आणि भावांशी वाकडेपणा तर मुळीच नको. पण आपल्याला गृहीत धरले गेले, हा सल आयुष्यभर राहू नये असेही वाटते. मी काय करावे?

उत्तर : गुरुवारी जाऊ नका. भावाला आजच फोन करून तसे कळवा, म्हणजे त्याची फेरी वाया जाणार नाही आणि आयत्या वेळी बहीण फिरली असा बोलही लागणार नाही. हा सल्ला भावांविरुद्ध उभे राहण्यासाठी देत नाही. तुमच्यापुढे दोन स्वतंत्र कामे आहेत आणि ती एकाच दिवशी, एकाच सहीत उरकली जात आहेत, म्हणून थांबायला सांगतो आहे. पहिले काम वारस नोंदीचे, म्हणजे वडिलांच्या जागी सर्व वारसांची नावे सातबाऱ्यावर लावण्याचे. दुसरे काम हक्क सोडण्याचे, आणि ते करायचे की नाही, कोणाच्या लाभात करायचे, किती क्षेत्रापुरते करायचे, हे सर्वस्वी तुमच्या मर्जीचे आहे. पहिले काम लगेच व्हायला हवे. दुसऱ्याला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही.

तुमचा हिस्सा किती, ते आधी पाहू, कारण आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक नसताना सोडण्याला अर्थ नाही. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीबाबत हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 स्पष्ट आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस समान वाटेकरी होतात, म्हणजे आई आणि तुम्ही चार भावंडे मिळून पाच हिस्से. आजोबांकडून आलेल्या जमिनीचा हिशेब लांबचा आहे. ती एकत्र कुटुंबाची धरली तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे, त्यात वडील, आई, दोन मुलगे आणि दोन मुली अशा सहा जणांना एकेक सहावा हिस्सा द्यायचा, आणि मग वडिलांचा सहावा हिस्सा उरलेल्या पाच जणांत पुन्हा सारखा वाटायचा. हा सारा आकडेमोडीचा फेरा करूनही प्रत्येकाच्या वाट्याला अखेर पाचवा हिस्साच येतो. त्यामुळे कोणती जमीन वडिलोपार्जित आणि कोणती स्वकष्टार्जित, हा वाद तुमच्या घरात कोणी काढलाच तर त्यात वेळ घालवू नका, कारण तुमच्यापुरते उत्तर तेच राहते. साडेचार एकर म्हणजे 180 गुंठे, तेव्हा तुमचा पाचवा हिस्सा 36 गुंठ्यांचा होतो. गावठाणातल्या घरातही पाचवा हिस्सा आहे. पाण्याखालची, आल्याची जमीन असलेल्या गावात 36 गुंठ्यांना काय भाव आहे, हे तुमच्या भावांना नक्की माहीत आहे. तुम्हालाही माहीत असावे.

आता भावाच्या तीन मुद्द्यांकडे येऊ. तो मुद्दाम खोटे बोलतो आहे असे मी धरत नाही. गावात पारावर, सोसायटीत, कधीकधी चावडीतसुद्धा हीच माहिती वर्षानुवर्षे फिरत राहिली आहे आणि तिच्यातला काही भाग एके काळी खराही होता. महाराष्ट्राने 1994 साली कायद्यात बदल करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तो केंद्राच्या कायद्याच्या अकरा वर्षे आधी. पण त्यात 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ताईचे लग्न 1991 सालचे, म्हणून त्या काळी कोणी वकिलाने तिला जन्मतः हक्क नाही असे सांगितले असेल तर ते वडिलोपार्जित जमिनीपुरते चुकीचे नव्हते. पुढे 9 सप्टेंबर 2005 रोजी केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेदच ठेवला नाही. त्यावरही न्यायालयांत मतभेद होते. ते सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात संपवले आणि मुलीचा हक्क मुलाप्रमाणेच जन्माने येतो, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असे सांगितले. तेव्हा ताईचा हिस्सा तुमच्याइतकाच, म्हणजे भावांइतकाच आहे. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत तर लग्नाच्या सालाचा प्रश्न 1956 पासून कधीच नव्हता.

लग्नाच्या खर्चाविषयी कायद्याचे उत्तर एका वाक्याचे आहे. मुलीच्या लग्नात झालेला खर्च तिच्या वारसा हक्कातून वजा होत नाही. भावांची लग्ने, त्यांचे शिक्षण, त्यांना घेऊन दिलेली गाडी किंवा म्हैस यांचाही हिशेब वाटणीच्या वेळी कोणी मांडत नाही, आणि ते योग्यच आहे. आईवडिलांनी लेकरांसाठी केलेला खर्च हा कर्जाऊ दिलेला पैसा नसतो.

तोंडी वाटणीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण उद्या वाद झालाच तर त्याचाच आधार घेतला जाईल. 2005 च्या दुरुस्तीने 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटण्यांना संरक्षण दिले आहे. पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, असे त्याच दुरुस्तीत लिहिले आहे. तोंडी वाटणीचा दावा केवळ अपवाद म्हणून आणि सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच विचारात घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या त्याच निकालात बजावले आहे. तुमच्या पत्रावरून सगळी जमीन आजही वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे. वाटणी झाली असती तर तिचा फेरफार, म्हणजे महसुली दप्तरात बदलाची नोंद, झाला असता, पोटहिस्से पडले असते, भावांची नावे स्वतंत्रपणे लागली असती. वरची पट्टी थोरल्याने आणि विहिरीकडची धाकट्याने करावी, अशी सोय वडिलांनी लावून दिली असेल, तशी ती बहुतेक घरांत असते. ती कसण्यापुरती वहिवाट आहे, तिने कोणाचा हक्क जात नाही.

आता वारस नोंदीकडे वळू. इथे थोडे तपशिलात जातो, कारण गडबड बहुधा इथेच होते आणि ती लक्षात यायला पुष्कळ वर्षे लागतात. वारस नोंदीचा अर्ज कोणीही एक वारस करू शकतो, त्यासाठी भावांचीच वाट पाहण्याची गरज नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि 8अ (खातेदाराच्या गावातल्या सर्व जमिनींचा उतारा) यांचे उतारे एवढ्यावर तलाठ्याकडे अर्ज देता येतो, आणि ई-हक्क प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारशाने आलेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्ज आल्यावर तलाठी वारसांची चौकशी करून फेरफार घालतो, संबंधितांना नोटिसा काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गावी न जाताही फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत काढता येतो. हा उतारा आजच काढा, कारण वारस नोंद आधीच घातली गेली आहे की नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.

उतारा हातात आला की तीन जागा पाहा. पहिली जागा भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, नावांची. वारस नोंद झाली असेल तर तिथे आई, दोन भाऊ, ताई आणि तुम्ही अशी पाचही नावे हवीत. आपल्याकडे पूर्वापार अशी रीत पडली होती की मुलांची नावे भोगवटादार सदरी लावायची आणि आईचे व मुलींचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायचे. नाव तर लागले, म्हणून बहिणी निश्चिंत राहतात, आणि वीस वर्षांनी व्यवहाराची वेळ आली की मालकांच्या यादीत आपण नाही हे त्यांना कळते. दुसरी खूण थोरल्या भावाच्या नावामागची ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकट्याचे नाव लावण्याची ही जुनी पद्धत आहे. तिने बाकीच्यांचा हक्क जात नसला तरी कागदावर तो दिसेनासा होतो आणि पुढच्या पिढीला तो सिद्ध करत बसावे लागते. तिसरी जागा पुन्हा इतर हक्कातली. तिथे सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, भूसंपादनाचा किंवा अन्य कसला शेरा आहे का, ते वाचा. रस्ता रुंदीकरण, कालवा किंवा मोठी खरेदी दारात आली की बहिणींच्या सह्यांची घाई सुरू होते, हे अनेक गावांत दिसते. तुमच्याकडे तसे असेलच असे नाही, पण खात्री करून घेणे आपल्या हातात आहे.

नोंद चुकीची झाली, तुम्हा बहिणींची नावे वगळली गेली, किंवा नोटीस तुम्हाला न देताच ती प्रमाणित झाली, तर त्या आदेशापासून 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करता येते. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव नसल्याने मालकी जात नाही आणि केवळ नाव लागल्याने ती नव्याने निर्माणही होत नाही. खरा हक्क ठरवायचे काम दिवाणी न्यायालयाचे आहे. तरीही व्यवहारात खरेदीदार, बँक आणि भूसंपादन अधिकारी हे सारे आधी सातबाराच बघतात, म्हणून तो बिनचूक असण्याला फार महत्त्व आहे.

हक्कसोडपत्र मात्र वेगळ्या जातीचा दस्त आहे. तो नोंदवला गेला की तुमची मालकी खरोखरच संपते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो, म्हणून तर तुम्हाला दुय्यम निबंधकाकडे बोलावले आहे. घरी बसून साध्या मुद्रांकावर लिहून घेतलेल्या संमतीपत्राने किंवा तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने हक्क सुटत नाही. भावंडांमधल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला सध्या 500 रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. खर्च एवढा किरकोळ असल्यामुळे दस्तही किरकोळ वाटतो आणि तो न वाचताच सह्या होतात.

दस्तऐवज तयार करणाऱ्याकडून मसुदा आधी मागवून घ्या आणि घरी शांतपणे वाचा. ‘लिहून घेणार’ म्हणून कोणाची नावे आहेत, ते पाहा. दोघे भाऊ आहेत की एकटा थोरला? आईचे नाव लिहून देणाऱ्यांत तर घातलेले नाही ना? मिळकतीच्या वर्णनात प्रत्येक गट नंबर, क्षेत्र आणि आकार (म्हणजे महसुलाची आकारणी) लिहिलेला हवा. त्याखाली ‘व इतर सर्व स्थावर व जंगम मिळकती’ असे शब्द असतील, तर घर, विहीर, बँकेतली ठेव आणि तुम्हाला ठाऊकही नसलेली एखादी जमीन त्यात गेली असे समजा. ‘विनामोबदला’ आणि ‘कोणाच्याही दबावास बळी न पडता, स्वखुशीने’ हे शब्द बहुतेक मसुद्यांत छापील असल्यासारखे येतात. उद्या तुम्ही दबावाची तक्रार केली तर हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवले जाते. दुय्यम निबंधकासमोर दस्त कबूल आहे का असे विचारतात, छायाचित्र आणि अंगठ्याचे ठसे घेतात. त्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता, आणि लिहून देणाऱ्याने दस्त नाकारला तर तुमच्यापुरती त्याची नोंदणी होऊ शकत नाही. नंतर मात्र फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबाव सिद्ध करून दस्त रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो. खरा प्रकार कळल्यापासून तीन वर्षांत तो लावावा लागतो, आणि सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. भावांविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याची वेळ तुम्हाला टाळायची आहे. आज थांबल्याने ती टळण्याचा संभव अधिक आहे.

भावाची कर्जाची अडचण खोटी नाही. सातबाऱ्यावर पाच नावे लागली की सोसायटी किंवा बँक बाकीच्यांची संमती मागते, पीक विम्यालाही सामाईक क्षेत्राचे संमतीपत्र लागते, आणि दर हंगामात पिंपरीहून बहिणीला बोलावणे कोणालाही जिकिरीचे वाटणार. पण या अडचणीवर मालकी सोडणे हा एकच उपाय नाही. कर्जापुरते आणि विम्यापुरते संमतीपत्र तुम्ही देऊ शकता. ते देताना रक्कम आणि कारण लिहिलेले असावे, कारण सामाईक जमिनीवर बोजा चढतो तेव्हा तो तुमच्या हिश्शावरही चढतो. वारंवार जाणे जमत नसेल तर भावाला मर्यादित कामापुरते मुखत्यारपत्रही देता येईल. मात्र त्यात विक्री, गहाण, बक्षीस किंवा हक्कसोड यांचे अधिकार एका शब्दानेही येऊ देऊ नका. सर्वाधिकाराच्या कुलमुखत्यारपत्रावर सही करणे म्हणजे हक्कसोडपत्राहूनही अधिक देऊन टाकणे होय.

बहिणीचे नाव लागले की उद्या जावई जमीन परक्याला विकतील, ही भीती भावांच्या मनात असतेच, उघड बोलली जात नाही एवढेच. तिलाही कायद्यात उत्तर आहे. वारशाने एकत्र आलेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला, तर तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क बाकीच्या वारसांना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 ने दिलेला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू पडतो असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले आहे. हे तुम्हीच भावाला सांगा. त्याच्या मनातला अर्धा ताण तिथे उतरेल.

मग हिस्सा ठेवावा की सोडावा? हा निर्णय तुमचा आहे, पण तुम्ही विचारलेच आहे म्हणून माझे मत सांगतो. निदान आई आहे तोवर काहीही सोडू नये. नाव लावून घ्यावे, जमीन भावांना कसू द्यावी, उत्पन्नातला वाटा मागायचा की नाही ते घरात बसून ठरवावे, आणि ठरेल ते चार ओळींत लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. तुम्ही वाटा मागितला नाही तरी मालकी जात नाही. मत बदलले तर हक्कसोडपत्र दोन वर्षांनीही करता येते, केलेले हक्कसोडपत्र मात्र मागे घेता येत नाही. तुमच्या सासरी शेतजमीन नसेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या राज्यात कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरचे नाव हाच शेतकरी असल्याचा व्यवहारातला पुरावा असतो, आणि तो तुमच्याबरोबर तुमच्या मुलांनाही पुढे उपयोगी पडतो. हा एकमेव पुरावा सहीसरशी जाऊ शकतो, ही बाब बऱ्याच बहिणींना कोणी सांगतच नाही.

सगळे ठेवायचे मनात नसेल तरी मधले मार्ग आहेत. जमिनीतला हक्क सोडून घरातला ठेवता येतो, म्हणजे माहेरी आले की हक्काची एक खोली राहील. काही गुंठे ठेवून बाकीचे सोडता येतात, मात्र त्यांचे वेगळे मोजमाप करायला निघालात तर जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा आड येणार नाही ना, हे तालुक्याला विचारून घ्यावे. भावांऐवजी आईच्या लाभात हक्क सोडता येतो. मोबदला घेऊनही सोडता येतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त तेव्हा मुद्रांक शुल्काचा हिशेब बदलू शकतो म्हणून रक्कम ठरवण्याआधी तो काढून घ्यावा आणि जे पैसे मिळतील ते बँकेतून घेऊन दस्तात तसेच लिहावे.

आईविषयी तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. तिचा पाचवा हिस्सा ही तिच्या म्हातारपणाची काठी आहे. बहिणींबरोबर आईचेही नाव कमी करून घेण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, आणि तिला विचारले तर ती ‘पोरांना देऊन टाका, मला काय करायचंय’ असेच म्हणणार. तिने हिस्सा सोडू नये यासाठी तुम्ही जरूर आग्रह धरा, आणि हा आग्रह भावांनाही पटण्यासारखा आहे. तरीही तिला द्यायचेच असेल तर देणाऱ्याचा सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्याप्रमाणे, अशी अट असलेले हस्तांतरण सांभाळ न केल्यास निर्वाह न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर ते अवघड होऊन बसते.

ताईशी तुम्ही स्वतः बोला. ती सही करायला तयार आहे, पण आपल्याला हक्कच नाही अशा समजुतीने तयार झाली असेल तर तो निर्णय तिचा झाला असे म्हणता येत नाही. तिला 2005 आणि 2020 ची माहिती द्या आणि तिथेच थांबा. सगळे कळल्यावरही तिला सोडावेसे वाटले तर तो तिचा अधिकार आहे. तुमची सही तिच्या सहीवर आणि तिची तुमच्या सहीवर अवलंबून नाही.

भावाशी बोलताना कायद्याची कलमे आधी काढू नका आणि बोलणे पतींवर सोपवू नका, नाहीतर भावाबहिणींचे बोलणे मेहुण्यामेहुण्यांच्या वादात जाईल. शक्य असेल तर गावी जा आणि आईच्या देखत बोला. साधारण असे म्हणता येईल : “दादा, मी भांडायला आले नाही. अण्णांच्या जागी आधी आईचं आणि आपल्या चौघांचं नाव लागू दे. शेत तूच कर, मी आडवी येत नाही. सोसायटीला माझी संमती लागली तर मी येऊन देईन. सोडायचं की ठेवायचं ते मी अजून ठरवलं नाही, मला वेळ दे. ठरलं की तुला मीच सांगेन, दुसऱ्याकडून कळायचं नाही.” त्यावर तो रागावेल, कदाचित या दिवाळीला बोलावणेही येणार नाही. हे मी लपवून ठेवत नाही, कारण हा त्रास होतो आणि तो खरा असतो. पण सहीच्या अटीवर टिकणारे माहेर सही केल्यावरही टिकेलच असे नाही, आणि सख्खा भाऊ बहुधा कायम अबोला धरत नाही. दरम्यान आईला नेहमीसारखा फोन करत राहा, भाचरांच्या वाढदिवसाला जा, तुमच्या बाजूने कशातही खंड पडू देऊ नका.

यापुढे घरातल्या घरात बोलणे जमले नाही तर खर्चाच्या भीतीने मागे राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि 15100 या क्रमांकावर फोनवरही चौकशी करता येते. तुम्ही पुणे जिल्ह्यात राहता म्हणून तिथल्या जिल्हा प्राधिकरणाकडेही सल्ल्यासाठी जाऊ शकता, पण दावा किंवा तडजोड जमीन जिथे आहे तिथेच होईल. दावा न लावताही दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. त्यात दोन्ही बाजूंना बोलावून मध्यस्थी करतात आणि समझोता झाला तर लोकअदालतीत त्याचा निवाडा होतो. त्यावर अपील नाही, म्हणून तिथल्या मसुद्यावर सही करतानाही मिळकतीचे वर्णन तितक्याच बारकाईने वाचा. जाताना वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सर्व गटांचे सातबारे, 8अ, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना 8 चा (कर आकारणीचा) उतारा, वडिलांशी नाते दाखवणारा तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि भावाने पाठवला असेल तर हक्कसोडपत्राचा मसुदा, एवढी कागदपत्रे बरोबर न्या.